जिन्याखालचा पहारा

ब्रिटनमधल्या घरांत चालणारे स्टेकिंगचे संगणक : यंत्र, वीज, हिशेब आणि जबाबदारी

२०२२ च्या सप्टेंबरात ब्रिटनमधल्या घराघरांत एकच चिंता होती : विजेचं बिल. ऑफजेम या वीज-गॅस नियामकाने २६ ऑगस्टला जाहीर केलं होतं की, सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंडांवर जाईल. ८ सप्टेंबरला पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ते २,५०० पौंडांच्या आसपास रोखण्याची योजना संसदेत मांडली. त्याच दिवशी राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं आणि बाकी सगळ्या बातम्या मागे पडल्या.

त्यानंतर एका आठवड्याने, १५ सप्टेंबरला, लंडनच्या घड्याळात सकाळचे ७ वाजून ४२ मिनिटं झालेली असताना इथेरियम या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्रिप्टो जाळ्याने चालू गाडीचं इंजिन बदलावं तशी आपली यंत्रणा बदलली. तोवर हे जाळं सुरक्षित ठेवण्याचं काम जगभर घोंघावणारी लाखो ग्राफिक्स कार्डं करत होती. त्या सकाळी ती या कामासाठी एका झटक्यात निरुपयोगी झाली. त्यांच्या जागी आले छोटे, शांत, पुस्तकाएवढ्या आकाराचे संगणक. इथेरियम फाउंडेशनच्या अंदाजाप्रमाणे जाळ्याचा वीजवापर ९९.९५ टक्क्यांनी घटला. या बदलाला ‘मर्ज’ असं नाव आहे.

ज्या देशात लोक हीटर लावताना दहा वेळा विचार करत होते, तिथे या बदलाचा अर्थ फार प्रत्यक्ष होता. क्रिप्टोच्या जाळ्यात सहभागी व्हायला आता गोदाम लागत नव्हतं, औद्योगिक वीजजोडणी लागत नव्हती. लंडन, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा गावांतल्या घरांमध्ये जिन्याखाली एक कपाट असतं. त्यात वीजमीटर, राउटर आणि व्हॅक्यूम क्लीनर असतो. त्या कपाटात मावेल असा एक संगणक आता जागतिक जाळ्याचा पहारेकरी होऊ शकत होता.

ब्रिटनमधली मराठी माणसं मोठ्या संख्येने संगणक क्षेत्रात आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. तेव्हा इथे आलेली माणसं शिक्षणासाठी, वकिलीसाठी, वैद्यकीसाठी आली होती. गेल्या २५ वर्षांत आलेली बहुतेक सॉफ्टवेअरसाठी आली. सर्व्हर सांभाळणं हे यांतल्या कित्येकांचं रोजचं काम. त्यामुळे घरी स्टेकिंगचा संगणक उभारावा का, हा प्रश्न या घरांमध्ये निघतोच. त्याचं उत्तर उत्साहाने किंवा भीतीने न देता नीट माहितीने द्यावं, यासाठी हा लेख.

अनामत आणि साक्ष

आधी कामाचं स्वरूप समजून घेऊ. इथेरियममध्ये कोणी मध्यवर्ती बँक नाही. कोणत्या व्यवहारांची नोंद झाली आणि कोणत्या क्रमाने झाली, हे जगभर पसरलेले संगणक एकमेकांत ठरवतात. खोटी साक्ष देणाऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून प्रत्येक साक्षीदाराने काहीतरी पणाला लावलेलं असतं. बिटकॉइनमध्ये ती वीज असते. इथेरियममध्ये आता ती अनामत रक्कम असते, आणि ती ठेवणं म्हणजेच स्टेकिंग : एका व्हॅलिडेटरसाठी, म्हणजे साक्षीदारासाठी, इथेरियमच्या चलनात किमान ३२ इथर.

वेळेची विभागणी १२ सेकंदांच्या स्लॉटमध्ये केलेली आहे. ३२ स्लॉट म्हणजे एक इपॉक, अर्थात ६.४ मिनिटं. प्रत्येक व्हॅलिडेटरने दर इपॉकमध्ये एकदा साक्ष द्यायची असते, म्हणजे आपल्याला दिसणारी नोंदींची साखळी कोणती हे सही करून सांगायचं असतं. दिवसाला २२५ साक्षी. रात्री, सुट्टीत, नाताळातसुद्धा. मधूनच चिठ्ठी निघाल्यासारखी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गट, मांडण्याची पाळी येते. व्हॅलिडेटरांची संख्या आज इतकी मोठी आहे की, एकाला ही पाळी काही महिन्यांतून एकदा मिळते. दोन इपॉक उलटले आणि दोन-तृतीयांश अनामतीची साक्ष मिळाली की ती नोंद कायम होते. या कामाचा मोबदला अलीकडे वर्षाला साधारण ३ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे ३२ इथरवर वर्षाला जवळपास एक इथर.

लंडनशी असलेलं नातं

या कथेत ब्रिटन मूळ घडणीपासून आहे. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला, तेव्हा त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा मथळा नोंदवलेला होता, विषय होता बुडत्या बँकांना सरकारी पैशाने दुसऱ्यांदा वाचवण्याचा. इथेरियमची कल्पना व्हिटालिक ब्युटेरिनची. पण तिचं तांत्रिक विधान, ‘यलो पेपर’ म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज, लिहिला तो लँकेस्टरमध्ये जन्मलेल्या आणि यॉर्क विद्यापीठातून पीएच.डी. केलेल्या गॅव्हिन वुडने. नोव्हेंबर २०१५ मध्ये इथेरियमची पहिली मोठी परिषद, डेव्हकॉन १, लंडनच्या गिब्सन हॉलमध्ये भरली. परिषद झालेल्या शहरांची नावं जाळ्याच्या सुधारणांना देण्याचा पुढे प्रघात पडला, म्हणून ऑगस्ट २०२१ मधल्या सुधारणेचं नाव ‘लंडन’. व्यवहारशुल्काचा एक भाग कायमचा जाळून टाकण्याची पद्धत तेव्हा सुरू झाली. डेव्हकॉन ८ साठी मुंबईची निवड झाली आहे, हे इथे मराठी वाचकांसाठी नोंदवायला हवं.

घरच्या संगणकावर जी सॉफ्टवेअर चालतात त्यांतलं एक, नेदरमाइंड, लंडनमधल्या कंपनीचं आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

यंत्र

लागणारं यंत्र खर्चाने मध्यम आणि दिसायला अगदी साधं. पूर्वी लोक इंटेलचा नक हा छोटा संगणक घेत. जुलै २०२३ मध्ये इंटेलने ती मालिका थांबवून एसूसकडे सोपवली. आता कोणताही चांगला मिनी पीसी चालतो. चार ते आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि ४ टीबीची एनव्हीएमई एसएसडी एवढं असलं की काही वर्षं निघतात. जपून निवडायची ती एसएसडी. स्वस्त क्यूएलसी प्रकारची डिस्क अखंड लेखन-वाचनाच्या माऱ्यात मंदावते आणि साक्षी उशिरा पोचू लागतात. टीएलसी प्रकारची, स्वतःची डीरॅम असलेली डिस्क घ्यावी. जिन्याखालच्या कपाटाचं दार बंद राहत असेल तर हवा खेळायची सोय करावी, कारण तापलेली एसएसडी स्वतःचा वेग स्वतःच कमी करते.

त्यावर लिनक्स चढवायचं. उबंटू सर्व्हरची दीर्घ मुदतीची आवृत्ती बहुतेकांच्या सवयीची. मग दोन सॉफ्टवेअर, ज्यांना क्लायंट म्हणतात. एक्झिक्युशन क्लायंट व्यवहारांचा हिशेब ठेवतो : गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ यांपैकी एक. कन्सेन्सस क्लायंट साक्षींचं पाहतो : लाइटहाउस, प्रिझम, टेकू, निंबस, लोडस्टार यांपैकी एक. दोघांनी एकमेकांशी बोलताना वापरायची गुप्त खूण एका फाइलमध्ये असते. राउटरवर दोन पोर्ट उघडायचे, सहसा ३०३०३ आणि ९०००; बाकी सगळे बंद. लॉगइन पासवर्डने नव्हे, एसएसएच किल्लीने. हे सगळं एका पॅकेजमध्ये बसवून देणाऱ्या डॅपनोडसारख्या प्रणालीही आहेत. पण काही बिघडलं की कमांड लाइनवर उतरावं लागतंच, म्हणून पहिल्यापासून ती ओळख करून घेतलेली बरी.

दोन बारीक गोष्टी अनुभवी माणसं आवर्जून सांगतात. बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. आणि घड्याळ. १२ सेकंदांच्या शिस्तीत घड्याळ चुकलं तर सगळंच चुकतं. ऑगस्ट २०२० मध्ये मेडाला नावाच्या सराव-जाळ्यावर हे घडलं. प्रिझम क्लायंट सहा वेळ-सर्व्हरांची सरासरी घेऊन वेळ ठरवत होता. त्यांतल्या एकाने २४ तास पुढची वेळ दिली आणि हजारो व्हॅलिडेटरांची घड्याळं ४ तास पुढे गेली. जाळं कित्येक दिवस कोलमडलेलं राहिलं. ते सराव-जाळं होतं म्हणून कोणाचे खरे पैसे बुडाले नाहीत. सराव-जाळी याचसाठी असतात. मार्च २०२५ पासून ‘हूडी’ हे सराव-जाळं चालू आहे. तिथे फुकटच्या, किंमतशून्य इथरवर सगळी प्रक्रिया करून पाहावी आणि काही आठवडे यंत्र चालवावं. दिवाळीत गावाला गेल्यावर ते बंद पडलं तर आपण काय करणार, हेही तिथेच कळतं.

किल्ल्या

यंत्र हा सोपा भाग. कठीण भाग किल्ल्यांचा.

व्हॅलिडेटर उभारताना २४ इंग्रजी शब्दांची एक मालिका तयार होते. तिच्यातून सही करायच्या किल्ल्या निघतात. ही मालिका इंटरनेटला कधीही न जोडलेल्या संगणकावर तयार करावी, कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहून ठेवावी. तिचा फोटो काढू नये, ती ई-मेलमध्ये किंवा फोनमध्ये ठेवू नये. सही करायची किल्ली यंत्रावर राहते. पैसे परत जातील तो पत्ता वेगळा असतो आणि त्याची किल्ली हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवायची. या रचनेचा मोठा फायदा असा की, जिन्याखालचं यंत्र चोरीला गेलं किंवा कोणी त्यात शिरलं, तरी त्याला इथर उचलून नेता येत नाहीत. फार तर तो चुकीच्या सह्या करून नुकसान करू शकतो.

या नुकसानीचं नाव स्लॅशिंग. एकाच इपॉकसाठी दोन वेगळ्या साक्षी दिल्या की जाळं त्याला फसवणूक समजतं, व्हॅलिडेटरला दंड करून बाहेर काढतं. मे २०२५ च्या पेक्ट्रा सुधारणेने सुरुवातीचा दंड बराच कमी केला. पण एकाच वेळी अनेकजण सापडले तर दंड वाढत जातो, हे तत्त्व कायम आहे. आजवर झालेल्या बहुतेक स्लॅशिंगमागे दुष्टावा नव्हता. तोच किल्लीसंच दोन यंत्रांवर एकाच वेळी चालू राहिला, एवढंच कारण होतं. जुनं यंत्र मेलं असं समजून नवं सुरू करायचं आणि तेवढ्यात जुनं पुन्हा जागं व्हायचं. मोठ्या व्यावसायिकांकडूनही हे झालं आहे : फेब्रुवारी २०२१ मध्ये एका कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर एकदम स्लॅश झाले. म्हणून घरच्या माणसाने सोन्याचा नियम पाळावा : यंत्र बंद राहिलं तर राहू दे, पण राखीव यंत्र त्याच किल्ल्यांनी घाईने चालू करू नये.

किल्ली हरवली तर काय होतं, याचं ब्रिटनमधलं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. कचराडेपो खणू द्यावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं नगरपालिकेशी झगडा केला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. बँकेत पासबुक हरवलं तर नवं मिळतं. इथे असं कार्यालय नाही.

आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला काय माहीत आहे, हाही किल्लीचाच प्रश्न. आपल्याकडे पैशाचे व्यवहार घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात राहण्याची सवय जुनी आहे. तो माणूस अचानक गेला तर ही मालमत्ता कायद्याने वारसांची असते, ब्रिटनमध्ये ती वारसाकराच्या हिशेबातही धरली जाते. पण शब्दांची मालिका कुठे आहे हे कोणालाच माहीत नसेल तर ती कोणाचीच राहत नाही. मृत्युपत्रात तिचा उल्लेख हवा, शब्द मात्र मृत्युपत्रात नकोत, कारण प्रोबेट झालं की तो दस्तऐवज कोणालाही मागवता येतो.

वीज आणि वादळ

साधा मिनी पीसी या कामात २५ ते ४० वॉट खातो. ३० वॉट धरले तर वर्षाला सुमारे २६३ युनिट होतात. २०२५ मध्ये ऑफजेमच्या मर्यादेनुसार विजेचा दर युनिटला २५-२७ पेन्सच्या आसपास राहिला. म्हणजे वर्षाचा खर्च ७० पौंडांच्या जवळ. मर्जच्या आधी याच जाळ्यासाठी ग्राफिक्स कार्डं चालवणारा माणूस काही आठवड्यांत एवढी वीज जाळत असे.

वीज जाण्याचं काय? ब्रिटनमध्ये लोडशेडिंग नाही, पण वादळं आहेत. २६ नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात १० लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि जवळपास ४,००० घरं आठवड्याहून अधिक काळ अंधारात राहिली. अशा वेळी यूपीएस अर्धा तास टिकेल. त्याचा खरा उपयोग यंत्र रीतसर बंद व्हावं, डेटाबेस बिघडू नये, हा. पण घाबरण्याचं कारण नाही. व्हॅलिडेटर बंद असताना होणारा दंड साधारण तेवढ्याच वेळात मिळाला असता त्या मोबदल्याएवढा असतो. इथरची किंमत २,००० पौंड धरली तर दिवसाची कमाई पाच पौंडांच्या आसपास. एक दिवस बंद राहिलं तर ते पाच मिळत नाहीत आणि वर जवळपास तेवढेच जातात. दोन दिवस चालू राहिलं की भरून निघतं. मोठा दंड बसतो तो जाळ्यातला एक-तृतीयांशाहून अधिक भाग एकाच वेळी बंद पडला तरच.

याच कारणाने सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरू नये, असा आग्रह धरला जातो. २१ जानेवारी २०२४ रोजी नेदरमाइंडच्या काही आवृत्त्यांत दोष निघाला आणि ते वापरणारे व्हॅलिडेटर थबकले. नेदरमाइंड अल्पसंख्याक क्लायंट होता म्हणून जाळं चालू राहिलं आणि काही तासांत दुरुस्ती आली. तोच दोष तेव्हा बहुसंख्यांकडे असलेल्या गेथमध्ये निघाला असता तर? या प्रश्नाने अनेकांनी त्यानंतर गेथ सोडून दुसरा क्लायंट घेतला. घरी यंत्र चालवणाऱ्याला ही निवड स्वतः करता येते, आणि ती एका संध्याकाळचं काम असते.

खरा हिशेब

आता पैशाचं बोलू. इथे बरेचजण अर्धाच हिशेब मांडतात.

इथर २,००० पौंड धरू. ३२ इथर म्हणजे ६४,००० पौंड. ३ टक्क्यांनी वर्षाचा मोबदला ०.९६ इथर, म्हणजे १,९२० पौंड. ब्रिटनचं करखातं, एचएमआरसी, हा मोबदला व्यापारी स्वरूपाचा नसेल तर ‘इतर उत्पन्न’ मानतं आणि तो हाती आला त्या दिवशीच्या पौंडातल्या किमतीवर आयकर लावतं. इतर उत्पन्नासाठी वर्षाला १,००० पौंडांची सूट आहे. ती दुसरीकडे वापरलेली नसेल तर ९२० पौंडांवर कर. पगार ५०,२७० पौंडांच्या पुढे असेल, आणि लंडनच्या आयटीत तो बऱ्याचदा असतो, तर ४० टक्के दराने ३६८ पौंड. सूट घेतली की खर्चाची वजावट मिळत नाही, म्हणून विजेचे ७० पौंड खिशातून. यंत्र ८०० पौंडांचं आणि चार वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला २००. उरले सुमारे १,२८० पौंड. ६४,००० वर दोन टक्के.

२०२५ च्या डिसेंबराच्या अखेरीस बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर ३.७५ टक्के होता. बँकेतल्या ठेवीला १,२०,००० पौंडांपर्यंत सरकारी यंत्रणेचं संरक्षण आहे. इथरला एका पेनीचंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथर ४,८०० डॉलरच्या वर गेलं होतं, जून २०२२ मध्ये १,००० डॉलरच्या खाली आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ४,९०० डॉलरच्या वर पोचलं. असा चढउतार पाहता दोन टक्क्यांसाठी इथर विकत घेणं हा शहाणपणाचा व्यवहार नाही. ज्याच्याकडे इथर आधीपासून आहेत, जो ते वर्षानुवर्षं ठेवणारच आहे आणि किंमत अर्धी झाली तरी ज्याच्या घराचा हप्ता चुकणार नाही, त्याच्यासाठीच हा हिशेब जुळतो.

करात आणखी एक काटा आहे. मोबदला मिळाला त्या दिवशीच्या किमतीवर आयकर देणं लागतं. पुढे इथर पडलं तरी तो कर परत मिळत नाही. विकताना भांडवली नफा झाला तर वेगळा कर : ३० ऑक्टोबर २०२४ पासून १८ किंवा २४ टक्के. त्यातली वार्षिक सूट २०२२-२३ मध्ये १२,३०० पौंड होती, ती ३,००० वर आली आहे. नेहमीच्या मांडणीत मोबदला काही दिवसांच्या अंतराने आपोआप खात्यात येतो, म्हणजे वर्षाला डझनावारी नोंदी. प्रत्येकीची तारीख, इथर आणि पौंडातली किंमत लिहून ठेवावी लागते. कोणी म्हणेल, जाळं तर जगभर आहे, माझे इथर ब्रिटनमध्ये आहेत हे कशावरून? एचएमआरसीची भूमिका स्पष्ट आहे : मालक जिथला रहिवासी, तिथलीच ती मालमत्ता. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून इथल्या एक्स्चेंजना ग्राहकांची माहिती गोळा करून खात्याकडे देणं बंधनकारक झालं आहे. हिशेब स्वच्छ ठेवणं हाच मार्ग.

पैसे हवे तेव्हा बाहेर काढता येतील असंही समजू नये. बाहेर पडायला रांग असते. सप्टेंबर २०२५ मध्ये ती ४० दिवसांहून लांब झाली होती. मुलाच्या विद्यापीठाची फी किंवा घराची अनामत रक्कम यात अडकवू नये.

कायदा

स्टेकिंगला कायद्याने काय म्हणावं, हे ब्रिटनमध्ये बराच काळ धूसर होतं. अनेकांचे पैसे एकत्र करून चालणारी सेवा म्हणजे २००० सालच्या कायद्याखालची ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ ठरेल का, ही भीती होती. ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या आदेशाने ती दूर केली. नव्या क्रिप्टो कायद्याची चौकट ऑक्टोबर २०२७ पासून लागू व्हायची आहे आणि तीत दुसऱ्यांसाठी स्टेकिंगची व्यवस्था करणं हे परवान्याचं काम आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राजमान्यता मिळालेल्या कायद्याने अशा डिजिटल मालमत्तेला मालमत्तेचा दर्जाही मिळू शकतो हे पक्कं केलं.

घरी, स्वतःच्या इथरवर, स्वतःच्या यंत्राने काम करणाऱ्यावर या कायद्याचा रोख नाही. पण इथे आपल्या समाजाला एक सावधगिरीची सूचना. मंडळाच्या कार्यक्रमात चार मित्र भेटतात, एकाला यंत्र चालवता येतं आणि बाकीचे म्हणतात, आमचेही आठ-आठ इथर तुझ्यात घाल, ३२ पुरे होतील. हे करू नये. त्या क्षणी तो माणूस दुसऱ्यांच्या पैशाचा राखणदार होतो. कर, कायदा आणि मैत्री, तिन्ही गुंततात. कमी इथर असणाऱ्यांसाठी रॉकेट पूलसारख्या व्यवस्था आहेत. तिथे एप्रिल २०२३ पासून ८ इथरवर यंत्र चालवता येऊ लागलं. त्यांच्या प्रोग्रॅममधल्या दोषाची जोखीम वेगळी असते, ती समजून घेऊन तो मार्ग घ्यावा.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून इथे क्रिप्टोच्या जाहिरातींवर कडक नियम आहेत : मित्राला आणा आणि बक्षीस घ्या, या प्रलोभनावर बंदी आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला २४ तास विचारासाठी द्यावे लागतात. महाराष्ट्राला अशा नियमांची किंमत अनुभवाने माहीत आहे. ‘गेनबिटकॉइन’ योजनेने महिन्याला १० टक्के, सलग १८ महिने देण्याचं वचन दिलं होतं. दूर कुठेतरी यंत्रं चालतात आणि बिटकॉइन निर्माण करतात, असं सांगितलं जात होतं. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली, तोवर देशभरातल्या हजारो घरांचे पैसे त्यात गेले होते. त्या लोकांना ते यंत्र कधी दिसलंच नाही. घरच्या स्टेकिंगमध्ये यंत्र आपल्यासमोर असतं, मोबदला तीन टक्के असतो आणि कोणी कोणाला आणलं म्हणून कोणालाच काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या कोणत्याही योजनेला याच तीन कसोट्या लावाव्यात.

मग का करायचं?

दोन टक्क्यांसाठी नाही, तर कशासाठी?

अशी जाळी मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली की ती मोजक्या कंपन्यांच्या मर्जीने चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या सर्व्हरवर चालणारे सोलाना या दुसऱ्या जाळ्याचे नोड बंद केले, आणि हजाराहून अधिक व्हॅलिडेटर एका निर्णयाने बंद पडले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने टॉर्नाडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले. त्या वर्षाच्या अखेरीस इथेरियमचे बहुसंख्य ब्लॉक निर्बंधांच्या यादीतले व्यवहार गाळणाऱ्या मार्गांनी तयार होत होते. मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले, पण धडा उरला. लिडो या एकाच सामूहिक स्टेकिंग व्यवस्थेकडे एकेकाळी सगळ्या अनामतीचा जवळपास एक-तृतीयांश भाग गेला होता. एक-तृतीयांश ओलांडला की जाळ्याची नोंद कायम होणं अडवता येतं.

वेगळ्या गावात, वेगळ्या इंटरनेट कंपनीवर, वेगळं सॉफ्टवेअर घेऊन चालणारं प्रत्येक घरगुती यंत्र या एकवटण्याला थोडं अडवतं. सहकाराच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही. पतपेढी, दूधसंघ, कारखाना, कोणतीही संस्था सभासदांनी सभेला येणं सोडलं त्या दिवसापासून दुसऱ्याची होऊ लागते. मतदान सोपवता येतं. लक्ष ठेवणं सोपवलं की संपलं. घरी व्हॅलिडेटर चालवणारा माणूस ते लक्ष स्वतः ठेवतो, आणि त्याबदल्यात त्याला माफक मोबदला मिळतो. या कामाची योग्यता मी याच मोजमापाने ठरवतो, आणि त्या मोजमापाने ते करण्यासारखं आहे.

म्हणून ज्यांच्या मनात हे आहे त्यांना माझं सांगणं. इथर नसतील तर यासाठी घेऊ नका. असतील, तर आधी हूडीवर तीन महिने काढा. त्यात एकदा मुद्दाम वीज बंद करा, एकदा एसएसडी पुसून सगळं पुन्हा उभारा. कमी लोक वापरतात तो क्लायंट निवडा. २४ शब्द कुठे आहेत हे घरातल्या आणखी एका विश्वासाच्या माणसाला सांगा. पहिल्या मोबदल्याच्या दिवसापासून करवही लिहा आणि ३१ जानेवारीच्या आत विवरण भरा. दुसऱ्याचा एकही इथर आपल्या यंत्रात घेऊ नका. एवढं करण्याची तयारी नसेल तर इथर नुसते जपून ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही. तयारी असेल तर यंत्र उभारा, कारण या जाळ्याला आणखी एका मोठ्या कंपनीपेक्षा आणखी एका दक्ष घराची गरज जास्त आहे.